पहिल्यांदा कधी पडला, हे कोण लिहून ठेवतं?

अमेरिकेत २००२ पासून एक काम चालू आहे, त्याबद्दल मराठीत लिहिलेलं मला काही सापडलं नाही, म्हणून म्हटलं आपणच लिहावं. कामाचं नाव एमडी स्टारनेट. मस्क्युलर डिस्ट्रॉफी, म्हणजे स्नायू हळूहळू झिजत जाणारे जे आजार आहेत, ते असलेली माणसं ठरावीक राज्यांत किती आहेत, आजार आहे हे त्यांना कधी कळलं, उपचार कोणते मिळाले, चालणं कधी थांबलं, हृदय कधी कमजोर झालं, हे सगळं वर्षानुवर्षं शोधून लिहून ठेवायचं, एवढंच ते काम. ते लोक औषध देत नाहीत की ऑपरेशन करत नाहीत, फक्त मोजतात आणि लिहितात, आणि मला हे काम फार मोठं वाटतं.

मी यात का शिरले ते थोडक्यात सांगते. माझ्या धाकट्या भावाला ड्यूशेन होता. ड्यूशेन हा मस्क्युलर डिस्ट्रॉफीचा मुलांमधला सगळ्यात जास्त दिसणारा आणि गंभीर प्रकार, साधारण साडेतीन ते पाच हजार मुलग्यांमागे एकाला होतो, मुलींमध्ये क्वचित. स्नायूच्या पेशीला धरून ठेवणारं डिस्ट्रोफिन नावाचं प्रोटीन शरीरात बनतच नाही, मग प्रत्येक हालचालीत स्नायू थोडा थोडा तुटतो आणि त्या जागी चरबी भरत जाते. उपचार नसतील तर दहा-बाराव्या वर्षाच्या आसपास चालणं थांबतं, पुढे श्वासाचे स्नायू आणि हृदय. भाऊ विशीच्या आत गेला. तो गेल्यावर मी या आजाराबद्दल जे मिळेल ते वाचत सुटले, आणि वाचता वाचता लक्षात यायला लागलं की जवळजवळ प्रत्येक आकडा बाहेरच्या देशातला आहे. आपल्याकडची किती मुलं, कोणत्या जिल्ह्यात, कोणत्या वयाला कळलं, हे बघायला गेलं तर मोठ्या हॉस्पिटलांनी आपापल्या पेशंटवर लिहिलेले पेपर आहेत, पण अख्ख्या जिल्ह्यातली, राज्यातली सगळी मुलं मोजलीत असं काही हाताला लागेना.

तर आधी अमेरिकेतलं. तिथेसुद्धा हे सरकारला आपोआप सुचलेलं नाही, आईबापांनी मागे लागून करून घेतलंय. पॅट फर्लाँग म्हणून ओहायोतल्या एक बाई, त्यांच्या दोन्ही मुलांना ड्यूशेन होता आणि दोघंही गेले. त्यांनी इतर पालकांना घेऊन १९९४ मध्ये पेरेंट प्रोजेक्ट मस्क्युलर डिस्ट्रॉफी ही संस्था काढली. अशा पालकांच्या रेट्याने तिथल्या संसदेत डिसेंबर २००१ मध्ये एमडी-केअर नावाचा कायदा झाला, त्यात संशोधनाला पैसे आलेच पण सीडीसीला, म्हणजे तिथल्या सार्वजनिक आरोग्याच्या मुख्य संस्थेला, या आजाराची पाळत ठेवायचं कामही आलं. २००२ मध्ये आयोवा, ॲरिझोना, कोलोरॅडो आणि न्यूयॉर्क राज्याचा पश्चिम भाग इथून सुरुवात झाली, नंतर जॉर्जिया, हवाई असे भाग आले. सुरुवातीला फक्त ड्यूशेन आणि त्याचाच सौम्य भाऊबंद बेकर हे दोनच प्रकार घेतले होते, १ जानेवारी १९८२ नंतर जन्मलेले. २०१४ पासून मोठ्या माणसांत दिसणाऱ्या मायोटॉनिक, लिंब-गर्डल वगैरे धरून एकूण नऊ प्रकार घेतले.

आता ते करतात कसं, हे मला सगळ्यात आवडलेलं. वाट बघत बसत नाहीत. डॉक्टरने फॉर्म भरून पाठवला तर मोजू, नाही पाठवला तर नाही, असं नसतं. प्रशिक्षण दिलेली माणसं स्वतः न्यूरोमस्क्युलर क्लिनिक, हॉस्पिटलं, इथे जातात, आजारांना जे आंतरराष्ट्रीय कोड नंबर असतात ते लावून याद्या काढतात, आणि मग एकेक फाईल उघडून वाचतात. मूल पहिल्यांदा केव्हा बसलं, चाललं केव्हा, पडायला लागलं ते आईने कोणत्या वर्षी सांगितलं, स्नायू तुटत असल्याचं दाखवणारी सीपीके ही रक्ताची टेस्ट कधी केली, जेनेटिक टेस्ट कधी, स्टिरॉइड कधी चालू कधी बंद, व्हीलचेअर कधी. मग न्यूरोमस्क्युलर तज्ज्ञांची एक कमिटी ते कागद बघून ठरवते की ही केस नक्की, ही बहुतेक, ही शक्यता आहे म्हणायची. आणि एकदा नाव आलं की सोडत नाहीत, दरवर्षी परत फाईल उघडतात, ती व्यक्ती तो भाग सोडून जाईपर्यंत किंवा मृत्यूपर्यंत. मृत्यूच्या दाखल्यांशीही यादी जुळवून बघतात. तज्ज्ञांच्या भाषेत याला लोकसंख्येवर आधारित पाळत म्हणतात, म्हणजे एखाद्या मोठ्या हॉस्पिटलात पोचलेलेच पेशंट मोजायचे असं नाही, तर त्या भागात राहणारे सगळे, श्रीमंत गरीब, मोठ्या डॉक्टरपर्यंत पोचलेले न पोचलेले.

या फायलींतून जे बाहेर आलं त्यातली एक गोष्ट वाचून मी किती तरी वेळ तशीच बसून राहिले होते. २००९ मध्ये त्यांनी १५६ मुलांचा अभ्यास छापला, घरात आधी कुणाला हा आजार असल्याचं माहीत नसलेली मुलं. पहिली लक्षणं दिसली तेव्हा सरासरी वय अडीच वर्षं. आईबापांनी डॉक्टरांना काळजी सांगितली आणि तपासणी झाली तेव्हा साधारण साडेतीनच्या पुढे. सीपीके ही साधी रक्ताची टेस्ट झाली तेव्हा ४.७ वर्षं. पक्कं निदान ४.९ वर्षं. म्हणजे लक्षण दिसण्यापासून नाव कळेपर्यंत जवळजवळ अडीच वर्षं गेली, आणि हे अमेरिकेत, जिथे टेस्ट उपलब्ध आहे, डॉक्टर आहेत. आणखी वाईट म्हणजे त्याआधीच्या वीसेक वर्षांत हा उशीर काही कमी झालेलाच नव्हता. जीन सापडून दोन दशकं झालेली, जेनेटिक टेस्ट आलेली, तरी मुलाचा आजार तेवढ्याच उशिरा समजत होता. हे कुणा एका डॉक्टरला कसं कळणार होतं? त्याच्याकडे मूल येतं तेव्हा ते पाच वर्षांचंच असतं, त्याला वाटतं हा आजार याच वयात कळतो. शेकडो फायली एकत्र ठेवल्या तेव्हाच तो उशीर दिसला, आणि तो कुठे कुठे होतोय तेही दिसलं, वर्षभर घरात आणि वर्षभर दवाखान्यात.

आमच्या घरात तर याहून जास्त गेला वेळ. भाऊ चालायला उशिरा लागला, आज्जी म्हणायची मुलगे आळशी असतात. मग तो चवड्यांवर चालायचा, पळताना डुलायचा, जिना चढताना कठड्याला लोंबकळायचा, जमिनीवरून उठताना आधी ओणवा होऊन मग हात गुडघ्यावर, मग मांडीवर, असं स्वतःच्याच अंगावर चढत उभा राहायचा. याला गॉवर्स साइन म्हणतात, डॉक्टरकीच्या पुस्तकात पहिल्या पानावर असावं इतकं ठळक लक्षण. आणि पोटऱ्या कशा, तर दगडासारख्या टणक आणि जाड. आमचा भाग सांगलीकडचा, कुस्तीचं वेड, येणारा प्रत्येक पाहुणा त्या पोटऱ्या दाबून म्हणायचा पोरगं पैलवान होणार. आई खूश व्हायची. त्या पोटऱ्या आजारामुळे जाड होत्या, स्नायूच्या जागी चरबी आणि तंतू भरत होते, हे घरात कुणाच्या गावीही नव्हतं.

डॉक्टरांकडे नेलं तेव्हा आधी कॅल्शियम, मग टॉनिक. एका ठिकाणी रक्त तपासलं तर एसजीओटी एसजीपीटी खूप वाढलेलं, झालं, लिव्हरचा आजार म्हणून औषधं आणि पथ्य सुरू, तूप बंद तेलकट बंद, मुलाला वरणभातावर ठेवलं कितीतरी महिने. डोळे पिवळे नाहीत, भूक चांगली, तरी लिव्हर. इथे एक गोष्ट मुद्दाम सांगते कारण अजूनही हे होतं, माझ्या ओळखीतल्या बऱ्याच घरांत झालंय. एसजीओटी आणि एसजीपीटी ही एन्झाइम्स फक्त लिव्हरमध्ये नसतात, स्नायूतही असतात. स्नायू तुटत असतील तर तीही रक्तात वाढतात. अशा वेळी जीजीटी म्हणून एक टेस्ट असते जी लिव्हरची असते आणि स्नायूमुळे वाढत नाही, ती नॉर्मल आणि बाकीची दोन वाढलेली असं दिसलं तर लगेच सीपीके करायला पाहिजे. सीपीके जिल्ह्याच्याच काय, तालुक्याच्या लॅबमध्येसुद्धा होते, फार महाग नाही. साधारण मुलाची दोनशेच्या आसपास किंवा खाली असते, ड्यूशेनच्या लहान मुलाची हजारांत जाते, दहा-वीस हजारसुद्धा. असा आकडा आला की पुढचा रस्ता सरळ न्यूरोच्या डॉक्टरकडे. आमच्याकडे ती टेस्ट झाली तेव्हा भाऊ जिना चढणं सोडून बसला होता.

बरं, वेळेवर कळून तरी काय होणार, बरा तर होत नाही, असं मला खूप जणांनी तोंडावर विचारलंय, त्यात शिकलेले लोकही आहेत. होतं, पुष्कळ होतं. स्टिरॉइड वेळेत सुरू केली तर चालण्याची काही वर्षं जास्त मिळतात, पाठीचा कणा वाकडा होणं कमी होतं, फुप्फुसं जास्त टिकतात. हृदयाची औषधं हृदय बिघडायच्या आधी सुरू करता येतात. पुढे रात्रीच्या वेळी श्वासाला मशीन लावता येतं. पूर्वी मुलं विशीच्या आसपास जात, आता नीट काळजी मिळते तिथे पंचवीस-तीसच्या पुढे जगतात, शिकतात, नोकऱ्या करतात. आणि दुसरं म्हणजे त्या आईला पुढचं मूल होण्याआधी कळतं. एका घरात मोठ्याचं निदान व्हायच्या आत धाकटा जन्मलेला, त्यालाही तेच, अशी घरं मी बघितलीत. हे दुःख सांगण्यासारखं नाही, आणि ते टाळता येण्यासारखं होतं, म्हणून जास्त लागतं.

स्टिरॉइडचंच घ्या. एमडी स्टारनेटच्या फायलींतून दिसलं की १९९१ मध्ये साधारण २० टक्के मुलांना स्टिरॉइड मिळत होती, २००५ पर्यंत ४४ टक्के. वाढ झाली हे चांगलंच, पण याचा अर्थ २००५ मध्येही निम्म्याहून जास्त मुलांना मिळत नव्हती, आणि एका भागात एक पद्धत दुसऱ्या भागात दुसरी. मग सीडीसीने जगभरातले ८४ तज्ज्ञ एकत्र बसवून ड्यूशेनच्या मुलाची काळजी कशी घ्यायची याच्या सूचना तयार करून घेतल्या, त्या २०१० मध्ये आल्या, २०१८ मध्ये सुधारून परत आल्या. आज आपल्याकडचे डॉक्टरही त्याच सूचना वापरतात, माझ्या भावाच्या शेवटच्या काळातल्या डॉक्टरांच्या टेबलावरही त्याच होत्या. आणखी एक दिसलं, काळ्या आणि हिस्पॅनिक मुलांमध्ये टेस्ट आणि निदान आणखी उशिरा होत होतं. हेही मोजलं म्हणूनच कळलं. आपल्याकडे पाड्यावरच्या मुलाला किती उशीर होतो आणि पुण्यातल्या मुलाला किती, याचा अंदाज कुणीही करेल, पण अंदाजावर निधी मिळत नाही, डॉक्टरांच्या जागा मंजूर होत नाहीत.

आकड्यांचं म्हणाल तर २००७ साली त्या चार भागांत ५ ते २४ वयाच्या दर दहा हजार मुलग्यांमागे १.३ ते १.८ जणांना ड्यूशेन किंवा बेकर होता. पुढच्या अभ्यासात दिसलं की ड्यूशेनची संख्या बेकरच्या साधारण तिप्पट. ऐकायला आकडा छोटा आहे. पण महाराष्ट्राची लोकसंख्या डोळ्यासमोर आणा, त्या वयातली मुलं किती, आणि मग कळेल की आपल्या राज्यातच ही मुलं हजारांत असणार. ती आहेत कुठे?

आता आपल्याकडे काय आहे ते बघू, कारण काहीच नाही असं म्हणणं बरोबर होणार नाही. २०११ च्या जनगणनेत अपंगत्वाचे जे रकाने होते, दृष्टी, श्रवण, वाचा, हालचाल, मतिमंदत्व, मानसिक आजार, इतर, एकापेक्षा जास्त, त्यात आमच्या मुलांचं नाव नव्हतं. कुणी 'हालचाल' मध्ये गेलं असेल कुणी 'इतर' मध्ये. देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग मोजले गेले, त्यातले मस्क्युलर डिस्ट्रॉफीचे किती, हे काढायचा काही मार्गच नाही. मग २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आला, प्रकार २१ झाले आणि मस्क्युलर डिस्ट्रॉफीचं नाव त्यात आलं. यूडीआयडी कार्डावरही, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रावरही, तो प्रकार स्वतंत्र लागतो. हे मोठं पाऊल आहे, आणि ज्यांनी कार्ड काढलं नाही त्यांनी काढाच असं मी प्रत्येक घराला सांगते.

पण कार्ड कोण काढतं आणि कधी? चार वर्षांचं मूल जे चालतंय, फक्त पडतंय, त्याला कोण सिव्हिलला घेऊन जाऊन सर्टिफिकेट काढेल? चाळीस टक्के भरल्याशिवाय बहुतेक सवलती नाहीत, मग मूल दहा-अकराचं होतं, उचलून न्यावं लागतं, शाळा सुटते, तेव्हा कार्डाची आठवण होते. म्हणजे कार्डांवरून मोजलं तर आजार कुठे संपत आला ते कळेल, सुरू कुठे झाला ते कळणार नाही. मधली ती पाच-सहा वर्षं, ज्यात सगळं करण्यासारखं असतं, ती त्या आकड्यात येतच नाहीत. माझं म्हणणं एवढंच आहे, मोजायला सुरुवात पहिल्या पडण्यापासून व्हायला पाहिजे, व्हीलचेअरपासून होऊन उपयोग नाही.

२०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणात ड्यूशेन तिसऱ्या गटात आहे, ज्यांचे उपचार अतिमहाग आहेत त्या गटात. नेमलेली केंद्रं आहेत, मुंबईत केईएम आहे, आणि आयसीएमआरची, म्हणजे देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची, दुर्मिळ आजारांची राष्ट्रीय नोंदवही पण आहे. चांगलंच आहे. फक्त ती नोंदवही हॉस्पिटलवर आधारलेली, म्हणजे जो त्या केंद्रापर्यंत पोचला त्याची नोंद. गडचिरोलीतून किंवा नंदुरबारमधून केईएमला पोचणारं मूल एखादंच. जे पोचत नाही ते मोजलं जात नाही आणि मग त्या जिल्ह्यात आजारच नाही असं दिसतं. तामिळनाडूत कोइम्बतूरची एमडीसीआरसी ही संस्था ड्यूशेनची मुलं शोधून काढणं, त्यांची जनुकीय तपासणी आणि घरच्यांचं समुपदेशन असं काम करते, असं काही प्रत्येक राज्यात व्हायला पाहिजे.

आणि आपल्याला जमणार नाही असं कुणी म्हणू नये, कारण आपण याहून मोठं करून दाखवलंय. पोलिओ. १९९७ मध्ये राष्ट्रीय पोलिओ सर्वेक्षण प्रकल्प सुरू झाला, आणि नियम काय होता, तर १५ वर्षांखालच्या कुठल्याही मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला की तो पोलिओ असो नसो, कळवायचं. सरकारी दवाखाना, खाजगी डॉक्टर, वैद्य, हाडवैद्य, सगळ्यांनी. मग माणूस घरी यायचा, १४ दिवसांच्या आत २४ तासांच्या अंतराने दोनदा शौचाचा नमुना घ्यायचा, बर्फात घालून लॅबला, आणि साठ दिवसांनी परत येऊन बघायचा पाय लुळा राहिलाय का. डोंगरातल्या वाडीवर, उसाच्या फडावर, वीटभट्टीवर. १३ जानेवारी २०११ ला हावड्याच्या एका चिमुकलीला झालेला पोलिओ हा देशातला शेवटचा नैसर्गिक पोलिओ, आणि २७ मार्च २०१४ ला आपण पोलिओमुक्त जाहीर झालो. एवढ्या मोठ्या देशात एक एक लुळा पाय शोधून लिहिला गेला.

माझ्या आईचा एक भाऊ होता, माझा मामा, मी त्याला बघितलेलं नाही. तो लहानपणी चालायचा बंद झाला आणि चौदा-पंधराचा असताना गेला. घरात सगळे म्हणायचे पोलिओ झाला होता. भावाचं निदान झाल्यावर डॉक्टरांनी आईला विचारलं माहेरी कुणाला होतं का, आई म्हणाली नाही, भावाला पोलिओ होता तेवढंच. मग त्यांनी विचारलं एकदम लुळा पडला की हळूहळू, दोन्ही पाय की एक, पोटऱ्या कशा होत्या. आई बराच वेळ गप्प होती. पोलिओ एकदम येतो, तापाबरोबर, बहुतेक एका पायात, आणि मग तिथेच थांबतो. मामाचं सगळं हळूहळू झालं होतं, दोन्हीकडे सारखं, आणि वाढत गेलं होतं. त्या काळच्या किती घरांत असे 'पोलिओ' असतील कोण जाणे. आणि पोलिओच्या सर्वेक्षणातही आमच्यासारखी मुलं बसत नव्हती कारण नियम अचानक लुळं पडण्याचा होता, हळूहळू कमजोर होणाऱ्याला कळवायचा नियम नव्हता.

मग आता कुणी करायचं? माझ्या मते उत्तर आपल्या अंगणवाडीतच आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, आरबीएसके, ६ फेब्रुवारी २०१३ ला आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. त्यांची टीम, दोन आयुष डॉक्टर, फार्मासिस्ट आणि नर्सताई, वर्षातून दोनदा प्रत्येक अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येते, सहा आठवड्यांपासून १८ वर्षांपर्यंतची मुलं बघते. तपासायच्या तीस गोष्टींत मस्क्युलर डिस्ट्रॉफी असं नाव नाही, पण चालण्या-हालचालीतला उशीर आणि न्यूरो-मोटर दोष हे दोन्ही आहेत. मूल जमिनीवर बसवायचं आणि उठ म्हणायचं, एवढंच. उठताना मांडीला हात लावतंय का बघायचं. पोटरी दाबून बघायची. मांडीला हात लावत असेल तर सीपीके लिहून द्यायची, आणि मुलाचं नाव गाव वय एका वेगळ्या यादीत. अमेरिकेत बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये सांगितलं की ९, १८, ३० आणि ४८ महिन्यांना प्रत्येक मुलाची हालचाल नीट तपासा आणि स्नायू कमजोर वाटले तर सीपीके करा. आपल्याकडे तर घराजवळ येणारी टीम आहे, त्यांना फक्त हे एक शिकवायचंय. वेल्समध्ये तर १९९० ते २०११ पर्यंत जन्मलेल्या मुलग्यांच्या टाचेतल्या रक्तावरून ड्यूशेन बघत होते, तेवढं नको आत्ता, अंगणवाडीपर्यंत आलं तरी पुष्कळ.

एक अडचण आहे ती मात्र मी लपवणार नाही, ती म्हणजे आपली लपवाछपवी. नोंद केली की गावभर होईल, मग बहिणीचं लग्न कसं जमेल. हा प्रश्न खरा आहे, मी त्यातून गेलेय. ड्यूशेनचा बिघाड एक्स गुणसूत्रावर असतो, आईकडून येऊ शकतो, आईला स्वतःला बहुतेक त्रास नसतो, आणि बहिणी कॅरियर, म्हणजे तो बिघाड अंगात घेऊन असलेल्या, असू शकतात. साधारण एक तृतीयांश मुलांमध्ये बिघाड नव्यानेच झालेला असतो, आईकडे नसतोच, पण हे टेस्ट केल्याशिवाय कळत नाही, आणि तोपर्यंत सगळा दोष सुनेवर. मी भावाच्या रिपोर्टवरून स्वतःची टेस्ट करून घेतली, कॅरियर आले. लग्नाआधी नवऱ्याला सांगितलं, सासूबाईंना सांगितलं, आता दर काही वर्षांनी हृदयाचा इको करून घेते कारण कॅरियर बायकांचं हृदयही कमजोर होऊ शकतं. एमडी स्टारनेटच्या व्याख्येत लक्षणं असलेल्या बायकांसाठी वेगळा गट आहे, आणि तिथे कुणाचं नाव बाहेर येत नाही, आकडे छापले जातात, नावं कुलुपात. आपल्याकडे ही हमी आधी द्यावी लागेल, कागदावर आणि कायद्याने, मगच लोक सांगतील. अगरवाल समाजात लिंब-गर्डल डिस्ट्रॉफीचे काही ठरावीक बिघाड परत परत दिसतात हे मुंबईच्या डॉ. सतीश खाडिलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, त्यामुळे त्या समाजातल्या पेशंटची टेस्ट आधी त्या ठरावीक जागांवर करता येते, वेळ वाचतो आणि पैसाही. घरच्यांनी सांगितलं आणि कुणीतरी लिहिलं म्हणून हे कळू शकलं.

ज्यांच्या घरात असं मूल आहे त्यांना माझं सांगणं, आजपासून एक फाईल करा. त्यात पहिल्या पानावर मूल कधी बसलं, कधी चाललं, पहिल्यांदा पडतंय असं कुणाच्या लक्षात आलं आणि कधी, पहिली सीपीके किती आणि कोणत्या तारखेला, जेनेटिक रिपोर्टची झेरॉक्स (कोणता एक्सॉन, म्हणजे जीनचा कोणता तुकडा, डिलीट आहे ते त्यात लिहिलेलं असतं, पुढे औषधांच्या ट्रायलला तेच विचारतात), स्टिरॉइड कधी चालू केलं आणि तेव्हा वजन किती, दरवर्षीचा इको, आणि माहेरच्या बाजूला कुणी लहानपणी चालायचं थांबून गेलंय का, त्याला घरात काय म्हणत होते. जेनेटिक टेस्ट अजून झाली नसेल तर एमएलपीए ही पहिली करतात, मोठे डिलीशन आणि डुप्लिकेशन, म्हणजे जीनचे गळलेले किंवा दोनदा आलेले तुकडे, त्यात सापडतात आणि बहुतेक मुलांचं उत्तर तिथेच मिळतं, नाही मिळालं तर पुढची सिक्वेन्सिंग, म्हणजे जीन अक्षर अक्षर वाचण्याची टेस्ट. यूडीआयडीला प्रकाराच्या जागी नुसतं 'लोकोमोटर', म्हणजे हालचालीचं अपंगत्व, लिहून दिलं तर तिथेच थांबून मस्क्युलर डिस्ट्रॉफी लिहायला सांगा, कायद्यात तो वेगळा प्रकार आहे. आणि अंगणवाडीत आरबीएसकेची गाडी येईल त्या दिवशी कामावर उशीर झाला तरी चालेल, मुलाबरोबर स्वतः जा आणि त्यांच्यासमोर त्याला जमिनीवरून उठून दाखवायला सांगा.